बारावीनंतर पथ्य सुटलं, आता हात थरथरतो

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय २६, वजन ५० किलो, घर शाकाहारी. मोठ्या भावाचा पीकेयू, म्हणजे फेनिलकीटोन्युरिया, फार उशिरा कळला. या जन्मजात आजारात प्रथिनांतलं फेनिलॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट मोडता येत नाही आणि ते रक्तात साचतं. तो आज बोलत नाही आणि त्याचं सगळं दुसऱ्यांनाच करावं लागतं. त्याच्यामुळेच ताईंची तपासणी जन्मानंतर आठवड्याभरात झाली आणि पथ्य लगेच सुरू झालं. शिक्षण नीट झालं. सध्या त्या लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवतात.

बारावीनंतर पावडर, म्हणजे फेनिलॅलनिन नसलेल्या प्रथिनांची पीकेयूची खास पावडर, बंद झाली. डाळ, दूध, शेंगदाणे त्या आजही टाळतात, पण दोन्ही वेळेला दोन-दोन ज्वारीच्या भाकरी असतात. वर्षभरापासून फळ्यावर लिहिताना हात थरथरतो, उदाहरण सोडवता सोडवता पुढची पायरी निसटते, चिडचिड वाढली आहे, पायांना मुंग्या येतात. जुन्या फाईलमध्ये रक्तातल्या फेनिलॅलनिनचा आकडा ४५० च्या आसपास असायचा, गेल्या महिन्यात तो १९.५ आला. ‘म्हणजे सुधारणाच आहे ना?’ असं त्या विचारतात. आई म्हणते, मेंदूची वाढ लहानपणीच झाली, आता काही होत नाही. मामाच्या मुलाचं स्थळही घरात चर्चेत आहे. आणि शेवटी एका ओळीत: ‘माझंही दादासारखं होईल का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तसं होणार नाही. दादाच्या मेंदूचं नुकसान आयुष्याच्या पहिल्या महिन्यांत आणि वर्षांत, मेंदू घडत असताना झालं. तुमची ती वर्षं पथ्याने सांभाळली गेली आणि ती कमाई कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण तुमचा आकडा सुधारलेला नाही, तो बराच बिघडला आहे. लहानपणचा ४५० हा मायक्रोमोल प्रति लिटरमधला होता आणि आत्ताचा १९.५ हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला. मिलिग्रॅमला साधारण ६० ने गुणलं की मायक्रोमोल मिळतात. म्हणजे तुमचे १९.५ हे जवळजवळ १,१८० झाले. रिपोर्टवर आकड्याशेजारी एकक लिहिलेलं असतं, यापुढे आधी ते वाचायचं. या एका गफलतीत अनेकांची वर्षं जातात.

युरोपातल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १२ वर्षांपर्यंत पातळी १२० ते ३६० आणि त्यानंतर आयुष्यभर १२० ते ६०० मायक्रोमोल हवी. अमेरिकेतले तज्ज्ञ मोठ्यांसाठीही ३६० चीच मर्यादा धरतात. दोघांत मतभेद आहे, पण १,१८० ला कुणीच ठीक म्हणणार नाही.

आईंना दोष देऊ नका. एके काळी जगभरातले डॉक्टर हेच सांगत. नॉर्वेत फोलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला, पन्नासच्या दशकात बिकल यांनी इंग्लंडमध्ये पथ्याचा उपचार दाखवून दिला, साठच्या दशकात गथ्री यांच्या तपासणीमुळे नवजात बाळांत तो सापडू लागला. तेव्हा शाळेच्या पहिल्या काही वर्षांनंतर पथ्य सोडून द्यायची पद्धत होती. पुढे त्या मुलांमध्ये लक्ष न लागणं, चिंता, हात थरथरणं, क्वचित पाय ताठरणं दिसू लागलं आणि मत बदललं. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने पथ्य आयुष्यभर ठेवावं असं स्पष्ट सांगितलं.

आता मोठेपणी मेंदूत काय होतं ते पाहू. फेनिलॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं रक्तातून मेंदूत एकाच वाहकाने जातात. एसटीच्या एकाच दाराशी गर्दी झाली की धक्काबुक्की करणारा आत जातो आणि बाकीचे फलाटावर राहतात, तसं इथे होतं. फेनिलॅलनिन जागा अडवतं आणि टायरोसिन, ट्रिप्टोफॅन आत कमी पोचतात. टायरोसिनपासून डोपामिन तयार होतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. वाढलेलं फेनिलॅलनिन ही रसायनं बनवणाऱ्या एन्झाइमांनाही अडथळा आणतं. पुढची पायरी निसटणं, कामाचा वेग मंदावणं, चिडचिड, उदासी यांचं मूळ बहुतेक इथेच असतं. दुसरा परिणाम मज्जातंतूंच्या आवरणावर, मायलिनवर होतो. पहिला परिणाम पातळी उतरली की काही आठवड्यांत सैल होऊ लागतो, दुसऱ्याला महिने लागतात. बुद्ध्यांक मात्र सहसा शाबूत राहतो, म्हणूनच लोकांना वाटतं की हिला काहीच झालेलं नाही, ही आळशीपणा करते.

पण पायांच्या मुंग्या या गोष्टीत नीट बसत नाहीत. तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वांत खटकलेली ओळ तीच. पीकेयूची पावडर नुसती प्रथिनं देत नाही, तिच्यात जीवनसत्त्वं आणि खनिजंही घातलेली असतात. तुम्ही दूध घेत नाही, घर शाकाहारी, पावडर सात-आठ वर्षं बंद. म्हणजे बी-१२ मिळायचे सगळे रस्ते बंद आहेत. पथ्य अर्धं सोडलेल्या मोठ्या माणसांत हा हमखास दिसणारा प्रकार आहे आणि त्यातून पाठीच्या मज्जारज्जूला होणारी इजा वेळेत उपचार न मिळाल्यास कायमची राहू शकते. त्यामुळे ही तपासणी याच आठवड्यात करा. बी-१२ सोबत होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड बघायला सांगा, कारण बी-१२ चा आकडा काठावर असला तर नुसत्या त्यावरून निर्णय होत नाही. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, फोलेट, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतात, दम्याच्या पंपाने आणि काही फिटच्या गोळ्यांनीही थरथरतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. रक्त दिल्याशिवाय ‘लाल इंजेक्शन’ टोचून घेऊ नका. एकदा ते टोचलं की बी-१२ चा आकडा फुगून येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेणंही घातक ठरतं. रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

डॉक्टर पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क लावून कंप कळतो का ते बघतील, गुडघ्याचे झटके तपासतील, डोळे मिटून उभं करतील. हे न करता थेट एमआरआय लिहून दिला तर ‘आधी तपासून घ्या’ असं सांगायला हरकत नाही. एमआरआयची गरज पडलीच, तर विनंतीच्या कागदावर ‘पीकेयू’ हा शब्द ठळक लिहून घ्या. या आजारात मेंदूच्या पांढऱ्या भागात, विशेषतः मागच्या बाजूच्या पोकळ्यांभोवती, ठिपके किंवा पट्टे दिसू शकतात. रेडिओलॉजिस्टला आजार माहीत नसला तर रिपोर्टवर ‘डीमायलिनेशन’, म्हणजे मायलिन झिजणं, असं येतं आणि घरात मल्टिपल स्क्लेरोसिस या वेगळ्याच मेंदूच्या आजाराची भीती शिरते. पीकेयूतले हे बदल बहुधा गेल्या काही महिन्यांतल्या पातळीशी जुळतात आणि पातळी आटोक्यात राहिली तर कमीही होतात. ते किती दिसतात यावरून तुम्ही किती हुशार आहात, हे ठरत नाही.

जुन्या फाईलमध्ये आणखी एक कागद शोधा: लघवीतले टेरिन आणि डीएचपीआर एन्झाइमची तपासणी. फेनिलॅलनिन वाढायला नेहमी ते मोडणाऱ्या यकृतातल्या पीएएच या एन्झाइमचा दोषच कारण असतो असं नाही. काही थोड्या लोकांत त्या एन्झाइमला लागणारं बीएच-४ हे मदतनीस रसायन बनत नाही. त्यांना नुसतं पथ्य पुरत नाही, डोपामिन-सेरोटोनिनसाठी वेगळी औषधं लागतात. २०१७ मध्ये वर्णन झालेला डीएनएजेसी-१२ जनुकाचा दोषही याच कुटुंबातला, त्यात थरथर आणि ताठरपणा दिसू शकतो. त्या काळी ही बीएच-४ साठीची तपासणी झालीच असेल याची खात्री नाही. झाली नसेल तर आता करून घ्या.

आता पथ्याबद्दल, कारण खरी चूक इथेच होते. माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद करतो. पावडर नसताना अन्न तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं आणि त्यातलं फेनिलॅलनिन रक्तात येतं. वजन उतरतं, अशक्तपणा येतो आणि पातळी हट्टाने वरच राहते. म्हणून आधी पावडर, मग भाकरीत कपात.

त्याआधी तीन दिवस खाल्लेलं सगळं स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर मोजून लिहा. हिशेब सोपा आहे: अन्नातल्या १ ग्रॅम प्रथिनात साधारण ५० मिलिग्रॅम फेनिलॅलनिन धरायचं, बहुतेक फळं आणि भाज्यांत थोडं कमी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ५ ग्रॅम प्रथिनं, २५० मिलिग्रॅम फेनिलॅलनिन. तुमच्या चार भाकरींचेच १,००० झाले. तीव्र प्रकारच्या पीकेयूत मोठ्या माणसालाही दिवसाला साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅमच पेलतात. तुम्ही डाळ सोडली, दूध सोडलं, त्याचं कौतुकच आहे. पण ‘ज्वारी हलकी असते’ या समजुतीने सगळं भरून निघालं. एकच भाकरी खायची ठरवली तरी दिवसाचा बहुतेक कोटा तिथेच संपतो. तुमची नेमकी सहनशक्ती किती, हे आहारतज्ज्ञ रक्त बघत ठरवतील.

पावडरचा हिशेब असा: ५० किलो वजनाला अन्न आणि पावडर मिळून दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं. त्यातली ६-७ अन्नातून आली तर उरलेली ५० च्या आसपास पावडरीतून घ्यावी लागतात. इथे ग्रॅमचा घोळ होतो. पावडरचे ५० ग्रॅम म्हणजे प्रथिनांचे ५० ग्रॅम नव्हेत. डब्यावर १०० ग्रॅममध्ये प्रथिनांची तुल्य मात्रा किती ते छापलेलं असतं, त्यावरून तोला. सुरुवातीला पूर्ण मात्रा घेऊ नका, पोटात मुरडा येईल आणि तिसऱ्या दिवशी डबा कपाटात जाईल. पाव मात्रेपासून दहा-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर या. दिवसातून किमान तीन वेळा, जेवणासोबत, थंड पाण्यात कालवून, लिंबू पिळून लगेच प्या आणि वरून पाणी प्या. सगळी मात्रा रात्री एकदाच घेऊन मोकळं व्हायचं, असं बरेच जण करतात. त्याने अमिनो आम्लं वापरली न जाता जळून जातात आणि पातळी दिवसभर हेलकावे खाते. चहात घालून उकळू नका. मेडिकलवाल्याने ‘ही पण प्रोटीन पावडरच आहे’ म्हणून जिमची किंवा दूध-सोयाची पावडर पुढे केली तर हातही लावू नका, तुमच्यासाठी ती डाळीहून वाईट.

पोट भरायला साबुदाणा, आरारूट, मक्याचा स्टार्च, साखर, गूळ, तेल, तूप आहेत. यांत प्रथिनं जवळजवळ नाहीत. साबुदाण्याची खिचडी खुशाल खा, फक्त कूट नको. कुटाऐवजी बटाटा, जिरं, मिरची, थोडं ओलं खोबरं. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एक मूठ कूट सगळा दिवस बिघडवतं. ठेचा, कारळ्याची आणि जवसाची चटणी, येसरची आमटी यांचंही तेच. बिनशेंगदाण्याचा मिरची-लसणाचा ठेचा मात्र चालतो. दोडका, दुधी, काकडी, टोमॅटो, वांगं, कोबी मोजून भरपूर घ्या, पालेभाजी जरा हात राखून. अर्धापूरची केळी, आंबा, पपई, कलिंगड चांगली, सीताफळ आणि पेरू मोजून. हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच आहे, आणि सोबतची चटणी-दही वेगळंच. हिवाळ्यात शेतावर बोलावणं आलं तर बोरं आणि ऊस आपल्या वाट्याला.

उपवास हा आपल्याकडचा मोठा सापळा. निर्जळ किंवा नुसत्या पाण्यावरचा उपवास तुम्ही करू नये, शरीर स्नायू मोडतं आणि पातळी चढते. तापातही हेच होतं, तेव्हा ताप आला की साखर-पाणी, साबुदाण्याची पेज आणि पावडर चालू ठेवा. भगर आणि राजगिरा ‘फराळाचं’ म्हणून फुकट धरू नका, त्यांतही धान्यासारखीच प्रथिनं असतात, राजगिऱ्यात तर ज्वारीपेक्षा जास्त. शुगरफ्री गोळ्या, डाएट कोल्ड्रिंक, काही चघळायच्या गोळ्या यांत अ‍ॅस्पार्टेम असतं आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग फेनिलॅलनिनच असतो. लेबलवर ‘आयएनएस ९५१’ किंवा ‘नॉट फॉर फेनिलकीटोन्युरिक्स’ दिसलं की खाली ठेवा.

रक्ताचा नमुना घरूनही पाठवता येतो. बोट टोचायचं, गाळणकागदावरचं वर्तुळ एकाच बाजूने एका मोठ्या थेंबाने भरायचं, मागून आरपार दिसलं पाहिजे. थेंबावर थेंब टाकला तर आकडा चुकतो. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा, ओला असताना प्लास्टिकमध्ये घालू नका आणि एप्रिल-मेमध्ये स्कूटीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका. दर वेळी एकाच वेळेला, सकाळी पावडर घेण्याआधी, आणि एकाच प्रयोगशाळेत. वाळलेल्या थेंबाचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा थोडा कमी येतो, दोन्हींची सरमिसळ केली की उगाच आनंद किंवा उगाच काळजी. सुरुवातीला दर आठवड्याला, स्थिरावल्यावर महिन्यातून एकदा.

पहिला नमुना देण्याच्या आठवड्यात लक्ष, कामाचा वेग आणि मनःस्थिती यांची मानसशास्त्रीय चाचणीही करून घ्या आणि सहा महिन्यांनी तीच पुन्हा. आपल्याला बरं वाटतंय की खरंच सुधारलंय, हे त्याशिवाय कळत नाही. उदासी जास्त असेल तर मानसोपचार पथ्याच्या बरोबरीने सुरू करा, पातळी उतरायची वाट पाहू नका. थरथर कमी होईलच असं आम्ही वचन देत नाही. बहुतेकदा कमी होते, काहींत थोडी राहते. पाय ताठरले, चालताना अडखळायला झालं, फिट आली, नजर झपाट्याने मंदावली, तर मात्र रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नका. त्याच दिवशी संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा जवळचं मेडिकल कॉलेज गाठा.

पावडर महाग आहे, याची आम्हाला कल्पना आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पीकेयू विशेष आहाराने आटोक्यात येणाऱ्या आजारांच्या गटात, म्हणजे २ (अ) मध्ये आहे, आणि मे २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. पैसे घरच्यांच्या खात्यात येत नाहीत, मान्यताप्राप्त केंद्रामार्फत उपचाराला मिळतात. तुम्हाला दोन केंद्रं सोयीची: मुंबईचं केईएम रुग्णालय आणि हैदराबादचं निम्स रुग्णालय. परभणी-लातूरकडून हैदराबाद बहुधा सोपं पडतं. सॅप्रोप्टेरिन हे बीएच-४ चं औषध तुम्हाला लागू पडतं का, याची चाचणीही तिथेच विचारा. तीव्र प्रकारात ते क्वचितच चालतं, पण सौम्य प्रकारात अन्नाची मर्यादा वाढवतं.

स्थळाबद्दल. पीकेयू आई-वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो. तुमच्या आई वाहक आहेत, म्हणजे त्यांच्याकडे एक सदोष जनुक आहे पण आजार नाही, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि मामांच्या मुलाची चौथाई. तो वाहक असेल तर प्रत्येक बाळाला पीकेयू होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तपासणी न करता एकूण धोका आठात एक. नात्याबाहेरच्या मुलापेक्षा हा पुष्कळ जास्त आहे. आधी तुमच्या दोन्ही जनुकांतला दोष शोधायचा, मग मुलाची तपासणी. त्यात तो वाहक नाही असं ठरलं तर या आजारापुरती ही हरकत उरत नाही. नात्यातलं लग्न म्हणून इतर आजारांची चौकशी वेगळी करा.

याहून महत्त्वाची गोष्ट मुलगा कुठलाही असला तरी लागू आहे. आईच्या रक्तातलं फेनिलॅलनिन नाळेतून बाळाकडे जातं. पातळी वाढलेली असेल तर बाळाला पीकेयू नसतानाही डोकं लहान राहणं, हृदयात दोष, बौद्धिक वाढ खुंटणं हे होऊ शकतं. हृदय गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांतच घडतं, कधी कधी दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून पातळी १२० ते ३६० मध्ये काही आठवडे टिकल्याशिवाय गर्भ राहू द्यायचा नाही, तोवर खात्रीचं गर्भनिरोधक वापरायचं, आणि गर्भारपणात आठवड्याला दोनदा रक्त तपासायचं. हे लग्नाआधी सांगा, नुसतं मुलाला नव्हे, सासूबाईंनाही. पहिल्या सणाला पुरणपोळी पुढे आली की पावडरचा डबा दाखवून समजावणं फार अवघड जातं.

आणि दादांचंही रक्त त्याच खेपेला तपासा. उशिरा निदान झालेल्या मोठ्या माणसाची हरवलेली बुद्धी परत येत नाही, पण पातळी उतरल्यावर आरडाओरडा, स्वतःला मारून घेणं, झोप न लागणं यांत काहींना फरक पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा महिने पथ्य करून बघण्यासारखं आहे. वागण्याची नोंद पथ्य सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही यावर घरात नुसता वाद होईल.